कोणते काडतूस भारी? हँडगनच्या काडतुसांची ताकद तोलण्याची रीत

खंडेनवमीच्या दिवशी कोल्हापूर परिसरातील ज्या घरांत परवान्याचे शस्त्र असते, तेथे ते पुसून पाटावर मांडले जाते, हळद-कुंकू वाहिले जाते, आणि पूजा आटोपल्यावर चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास निघतो: कोणाचे काडतूस भारी? अशाच एका बैठकीत एका गृहस्थांकडे .३२ बोअरचे रिव्हॉल्वर होते आणि त्यांच्या व्याह्यांकडे .३२ बोअरचे पिस्तूल. दोघांच्या परवान्यावर बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप, बत्तीसच होता, आणि दोघांनाही आपलेच काडतूस अधिक ताकदीचे असल्याची खात्री होती. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि अनेक वर्षे नेमबाजी करतो, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. कागदावर आकडेमोड केल्यावर असे दिसले की एका मापाने रिव्हॉल्वरवाले बरोबर आहेत आणि दुसऱ्या मापाने पिस्तूलवाले. हे कसे होते आणि कोणत्याही दोन काडतुसांची अशी तुलना घरी बसून कशी करता येते, ते येथे क्रमाने सांगतो.

पहिली सावधगिरी नावाबाबत घ्यावी, कारण काडतुसाच्या नावातील आकडा हा ताकदीचा आकडा नसतो. पुष्कळदा तो गोळीच्या व्यासाचाही खरा आकडा नसतो. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम या दोन काडतुसांच्या गोळीचा व्यास एकच आहे, ०.३५७ इंच, म्हणजे सुमारे ९.०७ मिलिमीटर. केवळ नाव वाचणारा मनुष्य .३८ ला मोठे समजेल. प्रत्यक्षात १९३५ मध्ये आलेल्या .३५७ मॅग्नमची पुंगळी, म्हणजे दारू भरलेले व गोळी धरणारे धातूचे कवच, .३८ स्पेशलपेक्षा तीन मिलिमीटरहून थोडी अधिक लांब ठेवली, ती मुख्यतः अशासाठी की हे जास्त दाबाचे काडतूस जुन्या, नाजूक .३८ रिव्हॉल्वरमध्ये बसूच नये. ताकदीतला फरक पुढे आकड्यांत येईलच. तो अडीचपटीहून अधिक आहे. ‘नऊ एमएम’ या शब्दाचेही तसेच. ९×१७, ९×१८ आणि ९×१९ ही तीन वेगळी काडतुसे आहेत. गुणाकाराच्या चिन्हानंतरचा आकडा पुंगळीची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतो, आणि त्यातल्या ९×१८ मकारोव्हच्या गोळीचा व्यास तर ९.२७ मिलिमीटर आहे. जगभर ज्याला सरसकट नऊ एमएम म्हणतात, ते १९०२ च्या सुमाराचे गेऑर्ग लुगर यांचे ९×१९ काडतूस होय. पॅराबेलम आणि लुगर ही त्याचीच नावे. आपल्याकडे ते बंदी असलेल्या बोअरमध्ये मोडत असल्यामुळे सामान्य परवानाधारकाच्या हाती येत नाही, परंतु तुलनेची मोजपट्टी म्हणून ते फार उपयोगी आहे, आणि म्हणूनच या लेखात वारंवार येईल.

तुलनेला तीनच गोष्टी लागतात: गोळीचे वजन, नळीच्या तोंडाशी तिचा वेग, आणि तो वेग किती लांबीच्या नळीतून मोजला याची माहिती. तिसरी गोष्ट बहुतेक जण सोडून देतात आणि तेथेच तुलना फसते.

वजन खोक्यावर ग्रेनमध्ये छापलेले असते. हे वजन गोळीचे असते, दारूचे नव्हे आणि संपूर्ण काडतुसाचेही नव्हे. नवख्या मुलांचा या ठिकाणी नेहमी गोंधळ होतो. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. गुजरीतल्या जुन्या सराफाला हे माप परके वाटणार नाही, कारण इंग्रजी अमदानीत ठरवलेला तोळा बरोबर १८० ग्रेनांचा आहे, आणि आपली गुंज साधारण पावणेदोन ते दोन ग्रेन भरते. बाजारात आज तोळा म्हणताना दहा ग्रॅम धरतात, पण येथे जुना ११.६६ ग्रॅमचा तोळा घ्यावा. म्हणजे .४० एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) या काडतुसाची १८० ग्रेनची गोळी म्हणजे बरोबर एक तोळा शिसे; .४५ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) या काडतुसाची २३० ग्रेनची गोळी सव्वा तोळ्याहून किंचित जास्त, नऊ एमएमची ११५ ग्रेनची गोळी दोन तृतीयांश तोळ्याहून थोडी कमी, आणि .२२ ची ४० ग्रेनची गोळी पाव तोळ्यालाही थोडी कमी भरते. हातात वजन घेऊन पाहिल्याशिवाय हे आकडे मनात बसत नाहीत, म्हणून मी विद्यार्थ्यांना हा तोळ्याचा हिशेब आधी करायला लावतो.

वेग बहुधा फूट प्रति सेकंदात दिलेला असतो, त्याला ०.३०४८ ने गुणले की मीटर प्रति सेकंद मिळतात. परंतु तो कोणत्या नळीचा आहे, हे पाहावे. याबाबतीत मी स्वतः सुरुवातीला चूक केली होती. .२२ लाँग रायफलच्या खोक्यावर सेकंदाला ३३० मीटर वेग छापलेला होता, तो मी माझ्या पिस्तुलाचा धरून वहीत लिहिला आणि त्यावर कितीतरी गणिते केली. तो वेग रायफलच्या लांब नळीतला होता. पिस्तुलाच्या सहा इंचांच्या नळीतून तीच गोळी २९० मीटरच्या आसपास निघते. ४० ग्रेनच्या गोळीची ऊर्जा पहिल्या हिशेबाने १४१ ज्यूल आणि दुसऱ्या हिशेबाने १०९ ज्यूल येते, म्हणजे माझा आकडा जवळपास तीस टक्के फुगलेला होता. कारण साधे आहे: जळत्या दारूचा वायू गोळीला जितका वेळ मागून ढकलेल तितका तिचा वेग वाढतो, आणि आखूड नळीत ती लवकर बाहेर पडते.

रिव्हॉल्वर आणि पिस्तूल यांची तुलना करताना आणखी एक बारकावा आहे, जो अनुभवी माणसांच्याही ध्यानात राहत नाही. पिस्तुलाच्या नळीची लांबी मोजताना काडतूस बसते तो चेंबर त्यातच धरतात; रिव्हॉल्वरमध्ये काडतूस सिलिंडरात असते आणि नळी सिलिंडराच्या पुढून मोजतात. म्हणून ‘चार इंची’ पिस्तूल आणि ‘चार इंची’ रिव्हॉल्वर यांत गोळीला धावायला मिळणारे अंतर सारखे नसते. ते रिव्हॉल्वरमध्ये अधिक असते. याच्या उलट रिव्हॉल्वरच्या सिलिंडर आणि नळी यांच्यामधील बारीक फटीतून थोडा वायू निसटून जातो आणि त्याने वेग काहीसा घटतो. या दोन गोष्टी एकमेकींना पूर्णपणे छेदतील असे धरून चालू नये. अमेरिकेतील उत्पादकांच्या मानकांत नऊ एमएमचा वेग चार इंची आणि .४५ एसीपीचा पाच इंची चाचणी-नळीतून मोजतात; तेव्हा छापील आकड्यांची तुलनासुद्धा अगदी समान पायावर होत नाही, हे लक्षात ठेवूनच पुढे जावे.

आता मुख्य गणित. ताकद हा शब्द आपण बोलताना फार सैलपणे वापरतो. तालमीतला वस्ताद जेव्हा एखाद्या पैलवानाला ‘जोर आहे’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात समोरच्याला मागे रेटण्याची क्षमता असते; आणि दुसऱ्याला ‘चपळ, झटक्यात मारतो’ म्हणतो, तेव्हा वेगळेच काही असते. काडतुसाच्या बाबतीतही दोन वेगळी मापे आहेत आणि दोन्ही काढल्याशिवाय निवाडा देऊ नये.

पहिले माप गतिज ऊर्जेचे. गोळीचे ग्रॅममधील वजन घ्यावे, त्याला मीटर प्रति सेकंद वेगाच्या वर्गाने गुणावे आणि २००० ने भागावे. उत्तर ज्यूलमध्ये येते. परदेशी तक्त्यांत हाच आकडा फूट-पौंडात असतो, त्याला १.३५६ ने गुणले की ज्यूल मिळतात. दुसरे माप संवेगाचे. ग्रॅममधील वजन गुणिले वेग, भागिले १०००. येथे वर्ग नाही. फरक सगळा त्या वर्गात आहे. ऊर्जेत वेग दोनदा गुणला जात असल्यामुळे हलकी आणि वेगवान गोळी तेथे पुढे दिसते. संवेगात वजन आणि वेग यांना सारखाच मान असल्यामुळे जड आणि संथ गोळी मागे पडत नाही. याचाच एक परिणाम असा की वेग मोजताना पाच टक्के चूक झाली तर ऊर्जेच्या आकड्यात ती सुमारे दहा टक्के होते, आणि वजनाची चूक मात्र जेवढ्यास तेवढीच राहते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण नऊ एमएम आणि .४५ एसीपी यांचे आहे. ही जोडी मी मुद्दाम सविस्तर मांडतो, कारण या एका उदाहरणात सगळा विषय सामावला आहे. नऊ एमएमची ११५ ग्रेनची, म्हणजे ७.४५ ग्रॅमची गोळी सेकंदाला ११८० फूट, अर्थात ३६० मीटर वेगाने निघाली, तर तिची ऊर्जा सुमारे ४८२ ज्यूल भरते. .४५ एसीपीची २३० ग्रेनची गोळी वजनाने बरोबर दुप्पट, १४.९ ग्रॅम, आणि वेग ८३५ फूट, म्हणजे २५५ मीटरच्या आत. तिची ऊर्जा ४८३ ज्यूल. एवढाच आकडा पाहणारा मनुष्य म्हणेल की दोन्ही काडतुसे तंतोतंत सारखी आहेत. आता संवेग काढावा: नऊ एमएमचा २.६८ आणि .४५ चा ३.७९ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. चाळीस टक्क्यांहून अधिक फरक! आणि हा फरक केवळ कागदावरचा नाही, तो मनगटाला जाणवतो.

मनगटाला का जाणवतो, तेही याच गणितातून निघते. गोळीला पुढे जितका संवेग मिळतो, तितकाच शस्त्राला मागे मिळतो. दोन्ही काडतुसे एक किलो वजनाच्या शस्त्रातून झाडली असे धरले आणि बाहेर पडणाऱ्या वायूचा वाटा तूर्त बाजूला ठेवला, तर नऊ एमएमचे शस्त्र सेकंदाला २.६८ मीटर वेगाने मागे येते आणि त्याची धक्क्याची ऊर्जा ३.६ ज्यूल होते; .४५ चे शस्त्र ३.७९ मीटर वेगाने येते आणि त्याची ७.२ ज्यूल. नळीच्या तोंडाशी ऊर्जा सारखी असूनही धक्का दुप्पट. वायूचा वाटा धरला की दोन्ही आकडे वाढतात, कारण दारूच्या वजनाइतका वायू गोळीपेक्षाही जास्त वेगाने बाहेर पडतो, परंतु तुलनेचा कल बदलत नाही. म्हणून ज्याला धक्का किती बसेल हे जाणून घ्यायचे आहे, त्याने संवेग आणि शस्त्राचे वजन पाहावे. ज्याला गोळीत किती ऊर्जा साठली आहे हे पाहायचे आहे, त्याने ज्यूल पाहावेत. एका प्रश्नाला दुसऱ्याचे उत्तर देऊ नये.

हीच रीत वापरून आधी अर्धवट सोडलेली जोडीही पुरी करू. .३८ स्पेशलची १५८ ग्रेनची गोळी ७५५ फूट वेगाने गेल्यास २७१ ज्यूल आणि संवेग २.३६; .३५७ मॅग्नमची तेवढ्याच वजनाची गोळी १२३५ फूट वेगाने गेल्यास ७२५ ज्यूल आणि संवेग ३.८५. म्हणजे संवेगात .३५७ मॅग्नम हे .४५ एसीपीच्या शेजारी बसते, पण ऊर्जेत त्याला दीडपट मागे टाकते. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी ११८० फुटांच्या वेगाने, म्हणजे नऊ एमएमच्याच वेगाने निघाली, तरी वजन दुपटीहून अधिक असल्यामुळे तिची ऊर्जा सुमारे १००६ ज्यूल आणि संवेग ५.६ होतो. आणि या सगळ्यांना त्यांची पायरी कळावी म्हणून सांगतो: आपल्या पोलीस दलात वर्षानुवर्षे दिसलेल्या .३०३ रायफलीची १७४ ग्रेनची गोळी तीन हजार ज्यूलहून अधिक ऊर्जा घेऊन निघते. हँडगनची काडतुसे आपापसांत कितीही भांडली, तरी रायफलीपुढे ती सगळी लहानच.

काही लोक दाबाच्या आकड्यावरून ताकद ठरवतात. ते चूक आहे. मानकानुसार नऊ एमएमच्या चेंबरात कमाल दाब चौरस इंचाला ३५,००० पौंड धरतात आणि .४५ एसीपीत अवघा २१,००० पौंड, तरी दोघांची ऊर्जा सारखी आली हे आपण पाहिले. रुंद नळीत तोच दाब अधिक क्षेत्रावर काम करतो. दाबाचा आकडा शस्त्र सुरक्षित राहील की नाही हे सांगण्यासाठी आहे, आणि त्या कामासाठी तो अत्यंत महत्त्वाचा आहे.

व्यावहारिक नेमबाजीच्या स्पर्धांत संवेगाचेच एक सोपे रूप वापरतात, त्याला पॉवर फॅक्टर म्हणतात: ग्रेनमधील वजन गुणिले फूट प्रति सेकंद वेग, भागिले १०००. आयपीएससी या व्यावहारिक नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत मायनर, म्हणजे खालच्या गटात, गणला जाण्यासाठी किमान १२५ लागतात, तर स्टँडर्ड विभागात मेजरसाठी, म्हणजे वरच्या गटासाठी, १७०. वरची नऊ एमएम १३५ भरते, वरची .४५ एसीपी १९२. या खेळाच्या आयोजकांनी ऊर्जा न निवडता संवेग निवडला, हे मला फार योग्य वाटते, कारण येथे प्रश्न खेळाडूने किती धक्का सांभाळून नेम राखला याचा आहे.

‘माणूस किंवा जनावर कोणत्या गोळीने थांबेल’ हा प्रश्न मात्र या आकड्यांनी सुटत नाही. अमेरिकन सैन्याने १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या आपल्या अधिकाऱ्यांकडून शिकागोच्या कत्तलखान्यात चाचण्या करवून घेतल्या, तेव्हापासून हा वाद चालू आहे, आणि एका आकड्यात तो बसवण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले. गोळीची रचना, ती कशातून आणि कोठे जाते, यांवर ते अवलंबून असल्यामुळे ज्यूल किंवा संवेग यांच्याकडून त्याचे उत्तर मागू नये.

छापील आकड्यांवर न विसंबता स्वतः वेग मोजता आला तर उत्तम. त्यासाठी परवानगी असलेल्या रेंजवर, रेंज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारे यंत्र, लावावा. प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ नळीच्या तोंडापासून सुमारे तीन मीटर पुढे ठेवावा, अन्यथा तोंडाशी होणारा भडका आणि वायूचा लोट त्याला चकवतो. बंदिस्त जागेतील लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटखालीही तो भलतेच आकडे देतो. एका गोळीवरून काही ठरवू नये. किमान दहा गोळ्यांची सरासरी घ्यावी आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त वेगांतील अंतरही वहीत लिहावे, कारण हे अंतर मोठे असेल तर दोन काडतुसांतील लहानसा फरक खरा आहे की योगायोग, हे कळणार नाही. काडतुसे सावलीत ठेवावीत. चैत्र-वैशाखात बंद गाडीत तापलेली दारू वेगळा वेग देते, आणि सकाळी मोजलेल्या काडतुसाची दुपारी तापलेल्या काडतुसाशी तुलना करणे न्यायाचे होत नाही. दोन काडतुसे एकाच दिवशी, आलटून पालटून मोजावीत, असा माझा आग्रह असतो.

दुधाळीच्या रेंजवर येणारी लहान मुले ज्या एअर पिस्तुलाने सुरुवात करतात, त्याचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने जातो आणि त्याची ऊर्जा सहा ज्यूलही जेमतेम भरते. .२२ चे पिस्तूल त्याच्या अठरापट आहे, तरी या लेखातल्या अग्निशस्त्रांत ते सर्वांत दुबळे. आणि तरीही तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला जिंकलेले विश्वविजेतेपद, राही सरनोबत यांचे २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेतील २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण आणि स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधील कांस्य, ही कोल्हापूरच्या नेमबाजांची पदके याच .२२ च्या काडतुसावर आलेली आहेत. तरुण नेमबाज मोठ्या बोअरच्या ओढीने माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांच्यापुढे ज्यूलचा तक्ता आणि ही तीन नावे एकत्र ठेवतो.

आता त्या दोन व्याह्यांकडे येऊ. रिव्हॉल्वरमधले काडतूस .३२ एस अँड डब्ल्यू लाँग: गोळी ९८ ग्रेन, म्हणजे ६.३५ ग्रॅम, वेग ७०५ फूट, म्हणजे २१५ मीटर. ऊर्जा १४७ ज्यूल, संवेग १.३६. पिस्तुलातले काडतूस .३२ एसीपी: गोळी ७१ ग्रेन, म्हणजे ४.६ ग्रॅम, वेग ९०५ फूट, म्हणजे २७६ मीटर. ऊर्जा १७५ ज्यूल, संवेग १.२७. ऊर्जेत पिस्तूल सुमारे एकोणीस टक्क्यांनी पुढे. संवेगात रिव्हॉल्वर सात टक्क्यांनी पुढे. आखूड नळीमुळे वेगात पडणारा फरक धरला, तर हे सात टक्के इकडचे तिकडे व्हायला वेळ लागणार नाही, म्हणून संवेगात दोघांना बरोबरीचे मानणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. रिव्हॉल्वरवाल्यांनी पुढे विचारले की कानपूरच्या आयुध निर्माणीचे २०१४ साली आलेले ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्वर घेतले तर काय होईल. काडतूस तेच असल्यामुळे गोळीची ताकद जवळपास तीच राहील. पण शस्त्राचे वजन सातशे ग्रॅमवरून पाचशेवर आले, तर धक्क्याची ऊर्जा १.३३ ज्यूलवरून १.८६ ज्यूलवर, म्हणजे चाळीस टक्क्यांनी वाढेल.

त्या दोघांना एक गोष्ट मात्र मी दोनदा बजावून सांगितली, आणि येथेही सांगतो. .३२ एसीपीचे काडतूस रिव्हॉल्वरच्या सिलिंडरात कधीकधी बसल्यासारखे वाटते. ते त्या शस्त्रासाठी बनवलेले नाही, त्याची पुंगळी आणि दाब दोन्ही वेगळे आहेत, आणि ते झाडून पाहू नये. दुकानात ‘बत्तीस द्या’ असे न म्हणता काडतुसाचे संपूर्ण नाव सांगावे, नळीवर कोरलेले नाव आणि खोक्यावरचे नाव शब्दशः जुळवून पाहावे, आणि एकाच कपाटात दोन्ही प्रकारची काडतुसे ठेवायची वेळ आलीच तर खोकी वेगळ्या कप्प्यांत, कुलूप लावून ठेवावीत.